जिथे कर्सर थांबत नाही

१

आमच्या जिन्यात भर दुपारीही अंधार असतो. खिडकी म्हणून नाही. त्यामुळे इमारतीच्या मालकाने प्रत्येक मजल्यावर सेन्सरचा दिवा बसवला आहे. माणूस आला की लागतो, माणूस स्थिर उभा राहिला की थोड्या वेळाने विझतो. आमच्या दाराखाली बोटभर फट आहे. दिवा लागला की त्या फटीतून उजेडाची पट्टी आत येते आणि दारात कोणी आलंय हे बेल वाजायच्या आधीच मला कळतं.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. खांद्यावर हत्यारांची जड पिशवी. दाराशी आला की ती तो धप्पकन खाली टेकवतो आणि तळाशी गेलेल्या किल्ल्या शोधत बसतो. त्या काही लवकर सापडत नाहीत, तोवर दिवा विझतो. मग हा टॅक्सी थांबवल्यासारखा डोक्यावर हात हलवतो, दिवा लागतो, हा पुन्हा शोधायला लागतो, दिवा पुन्हा विझतो. आत बसून मला ती पट्टी विझताना आणि लागताना दिसते. उठून दार उघडायला मला काय होतंय, पण मी मुद्दाम उघडत नाही. कधी कधी तर हळूच जाऊन कडीही लावते. मग बाहेरून आवाज येतो, "अगं, उघड. पुरे झाली थट्टा." लग्नाला बरीच वर्षं झाली की गंमत अशाच गोष्टींत उरते.

त्या संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मी दाराकडे तोंड करूनच बसले होते. पट्टी आली नव्हती. धप्प आवाजही झाला नव्हता.

दार उघडलं तर अंधारात हा उभा.

"दिवा गेलाय वाटतं," तो म्हणाला आणि आत आला.

"पिशवी कुठंय?"

"राहिली तिकडेच. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली, मी आत. अख्खी दुपार काळोखात बसून होतो. बाहेर काढलं तेव्हा पिशवीबिशवी काही सुचलं नाही. किल्ल्याही तिच्यातच."

चेहरा उतरला होता. मी पाणी दिलं, तो ते घटाघट प्यायला. मग कचऱ्याची पिशवी ठेवायला मी बाहेर पाऊल टाकलं आणि दिवा लख्ख लागला.

२

माझं काम सांगायला लागले की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्या कार्यालयात एका जुन्या, जाडजूड चिनी शब्दकोशाची संगणकावरची प्रत तयार होत होती. मला चिनी येत नाही. येतं ते पंडितांना. पंडित हे आम्ही ठेवलेलं नाव, ते आमचे भाषातज्ज्ञ. मी फक्त आकार ओळखते. पण आकार ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

चिनी अक्षरं तुकड्यांची बनतात. त्यातल्या मूळ तुकड्यांना रॅडिकल म्हणतात. जुन्या पद्धतीत असे दोनशे चौदा तुकडे आहेत, आणि शब्दकोशात प्रत्येक अक्षर आपापल्या तुकड्याच्या घरात ठेवलेलं असतं. घरावर शीर्षकाची पाटी, पाटीवर तो तुकडा. आता गोम अशी, की यातले पुष्कळ तुकडे स्वतः शब्दही असतात. 'माणूस' हा शब्द म्हणजे दोन पाय फाकून उभी असलेली आकृती. माणसांच्या घरावरच्या पाटीवरही तीच आकृती. छापील कागदाला त्याचं काही नाही. संगणकाला आहे. त्याच्याकडे प्रत्येक अक्षराला नंबर असतो, आणि शब्दातल्या माणसाचा नंबर वेगळा, पाटीवरच्या माणसाचा वेगळा.

पडद्यावर दोघे हुबेहूब. कितीही मोठे करा, टक लावून बघा, डोळे फुटतील पण फरक दिसणार नाही. ओळखायचं एकच साधन. शोधाच्या चौकटीत शब्दातला 'माणूस' टाकायचा आणि बटण दाबायचं. कर्सर प्रत्येक शब्दातल्या माणसावर थांबत थांबत जातो. पाटीवरच्यावर थांबत नाही. तिथे कोणी नसल्यासारखा सरळ पुढे निघून जातो.

टाइप करणाऱ्यांच्या चुकीने पाटीवरचा माणूस मजकुरात घुसतो. त्याला शोधून हाकलायचं आणि जागी शब्दातला माणूस बसवायचा, हे माझं काम. नवीन आले तेव्हा पंडितांनी मला एकच गोष्ट बजावली होती.

"दिसण्यावर जाऊ नकोस. शोधून बघ."

त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी मला असा एक सापडला. शब्द होता 'घरचा माणूस'. दोनच अक्षरं, घर आणि माणूस. कर्सर माणसावरून तसाच पुढे गेला. मी तो बदलला, साठवला आणि चहाला गेले.

३

त्या दिवशी संध्याकाळी दाराखाली पट्टी आली आणि मग बेल वाजली. "बघ, दिवा आपोआप सुधारला," मी म्हणाले. "दिवे आपोआप सुधारले असते तर आम्ही उपाशी मेलो असतो," नवरा म्हणाला. मला हसू आलं आणि विषय तिथेच संपला.

पुढच्या सकाळी 'घरचा माणूस' या शब्दात पाटीवरचा माणूस पुन्हा होता. मी चडफडले. सर्व्हर कधी कधी जुनी प्रत वर आणतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा बदलला. दुपारी बघितलं तर पुन्हा तोच. संध्याकाळी बेल वाजली ती अंधारात.

तो आत आला, चपला काढल्या, टेबलावर हात टेकून बसला. त्याच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. शिकाऊ असताना लिफ्टच्या दारात सापडली होती. तीच करंगळी, तोच हात, बाहीला तेच वंगण. मी उगाचच त्याचा हात हातात घेतला. ऊबदार होता.

"काय गं?"

"काही नाही. पिशवी आणलीस?"

"राहिलीच बघ. उद्या आणतो."

पिशवीवाचून हा दोन दिवस काम कशाने करतोय, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. उत्तर काय येईल याची धास्ती वाटली, आणि नवऱ्याच्या उत्तराची धास्ती वाटावी याचा रागही आला.

४

एकदा का मनात किडा शिरला की तो स्वस्थ बसू देत नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथे काचेची सरकती दारं आहेत. मी बूट बांधायचं निमित्त करून मागे राहिले. तो पुढे गेला आणि दार उघडलं नाही. तो काचेसमोर उभा राहिला. काचेत त्याचं प्रतिबिंब होतं, मला स्पष्ट दिसत होतं. दार मात्र ढिम्म. मी जवळ गेले तसं ते सर्रकन सरकलं.

"जुनी मशीन आहे," तो म्हणाला. पण तो दाराकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

सेन्सर कसा चालतो हे मला त्यानेच शिकवलं होतं. त्याला चेहरा कळत नाही, नाव कळत नाही, समोर काहीतरी हललं एवढंच कळतं. "म्हणून तो कोणाला फसत नाही," हे त्याचंच वाक्य.

घरी आलो तर सासूबाईंचा फोन. त्या दुसऱ्या शहरात राहतात, आठवड्यातून एकदा लेकाचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी फोन त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. बाहेर तो बोलत होता. जेवलीस का, गुडघा कसा आहे, नेहमीचंच. चांगला बराच वेळ बोलला. मग म्हणाला, "आई तुझ्याशी बोलायचं म्हणतेय."

मी फोन कानाला लावला.

"अगं, देतेस ना त्याला?" सासूबाई म्हणाल्या. "केव्हाची हॅलो हॅलो करतेय मी. कुठे गेलाय का तो?"

त्यांना कमी ऐकू येतं. हे खरं आहे, अगदी डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. मी स्वतःला ते पुन्हा पुन्हा सांगितलं.

"बाहेर गेलाय," मी म्हणाले.

समोर बसलेला नवरा मान खाली घालून आपली वाकडी करंगळी चोळत होता.

५

मी काही खुळी नाही. दिवसभर सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतला फरक शोधणाऱ्या बाईला घरीही तेच दिसू लागणार, हे मला कळत होतं. रजा काढून दोन दिवस झोपले असते तर कदाचित बरंही वाटलं असतं. पण मी एव्हाना ताळा जुळवून बघितला होता. शब्द दुरुस्त राहिला की संध्याकाळी पट्टी यायची. शब्द उलटला की अंधार. एकदा तर निघताना शब्द ठीक होता, पण घरी पट्टी आली नाही. दुसऱ्या दिवशी बदलांची नोंद उघडली तर मी निघाल्यावर तो उलटलेला.

मी पंडितांना गाठलं. घरचं काही सांगितलं नाही, फक्त शब्दाचं सांगितलं.

"शीर्षकांतून येत असेल," ते म्हणाले. "पाटीवरचा माणूस तिथे आहे, म्हणून त्याची नक्कल कुठेही उतरू शकते."

"मग पाटीवरचाच काढून टाकला तर?"

त्यांनी चष्मा काढला. "सगळ्यांवर इस्त्री फिरवायची म्हणतेस?"

इस्त्री हा आमचा शब्द. एक प्रोग्रॅम आहे, तो सगळ्या मजकुरावरून फिरतो आणि पाटीवरच्या प्रत्येक आकृतीला शब्दातली आकृती करून टाकतो. सगळं सपाट. तो फिरवण्याआधी शीर्षकांना कुंपण घालायचं असतं, म्हणजे पाट्या वाचतात. कुंपणाशिवाय इस्त्री फिरवायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम.

"पाटीवरचा वाईट असतो का?" मी विचारलं.

"वाईट कशाला? तो माणूस नाही, एवढंच. माणसाची जागा आहे ती." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "बाई, ते दोन आहेत तोवर कोण कोणता हे विचारता तरी येतं. एकदा इस्त्री फिरली की सुरकुती कुठे होती हे कापडालाही सांगता येत नाही. उलटी इस्त्री नसते."

"पण मग कर्सर सगळ्यांवर थांबेल ना?"

"थांबेल की," पंडित म्हणाले. "सगळ्यांवर थांबेल."

मला तेवढंच हवं होतं. मला माझा नवरा परत हवा होता. दिव्याने त्याला ओळखावं, दाराने ओळखावं, त्याच्या आईने ओळखावं. दुसरं काही ऐकायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

६

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी आधी सर्व्हरवरच्या जुन्या प्रती पुसल्या, म्हणजे काही वर यायला नको. मग कुंपण न घालता इस्त्री फिरवली. पडद्यावर काहीच हललं नाही. हलणार तरी काय, दोघे दिसायला एकच. मी शोधाच्या चौकटीत माणूस टाकला आणि बटण दाबत गेले. कर्सर प्रत्येकावर थांबला. मजकुरातल्या, शीर्षकातल्या, 'घरचा माणूस'मधल्या. कुठेही चुकून पुढे गेला नाही.

संध्याकाळी दाराखाली लख्ख पट्टी आली. बेल वाजली. दारात हा, डोक्यावर दिवा, केसांवर उजेड.

"काय झालं? रडतेस कशाला?"

"कांदा," मी म्हणाले. ओट्यावर कांदा नव्हता.

त्याने स्वतःहून आईला फोन लावला. सासूबाईंचं बोलणं मला इथवर ऐकू येत होतं. इतके दिवस कुठे होतास, आवाज किती छान येतोय तुझा. तो हसत होता. मी टेबलावर ताटल्या मांडल्या. कितीतरी दिवसांनी पोटात भूक जाणवली. मनात म्हटलं, उद्या पंडितांची बोलणी खाऊ, नोकरी गेली तर गेली.

फोन ठेवून तो हात धुवायला आत गेला. नळाचं पाणी सुरू झालं.

तेवढ्यात दाराखाली पट्टी आली.

७

शेजारचं कोणी असेल म्हणून मी दुर्लक्ष करणार होते. मग धप्प आवाज झाला.

जड काहीतरी दाराशी टेकवल्याचा आवाज. तो आवाज मी हजारदा ऐकला आहे, झोपेतही ओळखीन. त्यामागून पिशवीत हात घातल्याची खडखड. पाना, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, आणि त्यांच्या तळाशी कुठेतरी किल्ल्या.

आतलं पाणी थांबलं.

मी दाराशी गेले. पट्टी विझली. क्षणभर काहीच नाही. मग लागली. खडखड. विझली. लागली.

दाराच्या भिंगाला मी डोळा लावला. त्यातून समोरची भिंत दिसते आणि वरचा दिवा, खाली वाकलेला माणूस दिसत नाही. दिवा विझला. मग भिंगाच्या खालच्या कडेतून, अंधारातून, एक हात वर आला आणि हलला. टॅक्सी थांबवल्यासारखा. दिवा लागला. बाहीवर वंगण होतं. करंगळी वाकडी होती.

माझ्या खांद्यावर हात पडला. ऊबदार, नुकताच धुतलेला. मी मान वळवली नाही, फक्त डोळे वळवले. करंगळी वाकडी होती.

"कडी लाव," तो माझ्या कानाशी म्हणाला. आवाज त्याचाच. भीती वाटली की तो असाच हळू बोलतो. "अगं, ऐक माझं. कोण आहे कोण जाणे. कडी लाव."

बाहेर किल्ल्या खुळखुळल्या. सापडल्या होत्या.

आज सकाळपर्यंत मी सांगू शकले असते. दोघांनाही जिन्यात उभं केलं असतं आणि दिवा कोणासाठी लागतो ते बघितलं असतं. एवढं सोपं होतं. आता दिवा दोघांसाठी लागणार होता, दार दोघांसाठी उघडणार होतं, आई दोघांचं ऐकणार होती. फरक होता तो मीच पुसला होता, स्वतःच्या हाताने, जेवणाच्या सुट्टीत.

कुलुपात किल्ली गेली. खांद्यावरचा हात किंचित आवळला गेला. मी काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. हात आपोआप वर गेला आणि मी कडी लावली.

किल्ली फिरली, दार ढकललं गेलं आणि कडीवर अडलं. बाहेर दमलेलं, ओळखीचं हसू.

"अगं, उघड," बाहेरून आवाज आला. "पुरे झाली थट्टा."

आम्ही दोघं दाराशी उभे होतो आणि पायांजवळची पट्टी विझत होती, लागत होती, विझत होती, लागत होती.